दगडाची धार काय कापत होती?

पूर्व आफ्रिकेतल्या अतिप्राचीन दगडी अवजारांची वर्गवारी झाली, तेव्हा मानाचे पान मिळाले ते मुठीत मावणाऱ्या, एका कडेने फोडलेल्या गोट्यांना. मेरी लीकी यांच्या ओल्डुवाई घळीवरील १९७१ सालच्या ग्रंथात असे गोटे ‘चॉपर’, म्हणजे तोडायचे हत्यार, या सदरात गेले. ते फोडताना उडालेले पातळ छिलके मात्र बहुतांशी अवजार घडवताना निघालेला कचरा ठरले. पुढे निकोलस टॉथ यांनी त्याच तऱ्हेचे दगड स्वतः फोडले आणि त्या गोट्यांनी व छिलक्यांनी मांस, कातडे, लाकूड कापून पाहिले. जनावराचे कातडे चिरायला आणि हाडावरचे मांस सोडवायला नुकताच काढलेला साधा छिलका फारच कामाचा ठरला. त्यातून उलटाच हिशेब पुढे आला: अवजारे घडवणाऱ्यांना हवी होती ती छिलक्याची धार, आणि गोटा हा पुष्कळदा छिलके काढून घेतल्यावर उरलेला गाभा असावा. १९८१ साली लॉरेन्स कीली आणि टॉथ यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या विचाराला सूक्ष्मदर्शकाखालच्या पुराव्याची जोड दिली. केनियातील कूबी फोरा परिसरातली, सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची पन्नासहून अधिक अवजारे त्यांनी तपासली. त्यांपैकी फक्त नऊंवर वापराच्या खात्रीलायक खुणा टिकून होत्या. चारांनी मांस कापले होते, तीन लाकडावर चालली होती आणि दोन गवत किंवा लव्हाळ्यासारख्या मऊ वनस्पतीवर. कचरा समजल्या गेलेल्या छिलक्यांनी आदिमानवाच्या दिनक्रमाची एवढी माहिती दिली.

अवजाराचा उपयोग त्याच्या आकारावरून ठरवता येत नाही, तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो, हे माझे म्हणणे आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना यात नवे काही वाटणार नाही. पण संग्रहालयातल्या पाट्या, शाळेतली चित्रे आणि वर्तमानपत्रातल्या उत्खननाच्या बातम्या पाहिल्या, की ही गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही असे दिसते. हातकुऱ्हाड, तासणी, छिद्रक ही नावे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात आकार पाहून, आजच्या अवजारांशी साधर्म्य बघून दिली गेली. ती वर्गीकरणाच्या सोयीची होती, आणि सोय म्हणून आजही चालतील. गडबड होते ती नावालाच पुरावा मानल्यावर. पाटीवर ‘तासणी’ लिहिले, की अश्मयुगातल्या माणसाने त्या दगडाने कातडे तासले असे आपण धरून चालतो. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया यांनी १९६४ साली डेक्कन कॉलेजतर्फे अश्मयुगीन अवजारांवर जे पुस्तक काढले, त्याच्या शीर्षकात घडवण्याची तंत्रे आणि नावे यांच्या बरोबरीने ‘संभाव्य’ उपयोगांचा उल्लेख आहे. नेवासे येथे उत्खननात कित्येक वर्षे घालवलेल्या संशोधकाने हा ‘संभाव्य’ शब्द जाणीवपूर्वक घातला असावा. आपण सामान्य वाचकांनी तो गाळून टाकला आहे.

आकार फसवतो, याची कारणे साधी आहेत. वापरता वापरता दगडाची धार बोथट होते आणि माणूस ती पुन्हा पुन्हा काढतो. दर वेळी दगड थोडा झिजतो आणि त्याचे रूप पालटते. फ्रान्सच्या फ्रान्स्वा बोर्ड यांनी पुराश्मयुगाच्या आद्य आणि मध्य टप्प्यांतील अवजारांचे ६३ प्रकार पाडले होते, त्यांत तासण्यांचेच प्रकार कितीतरी होते. १९८० च्या दशकात हॅरल्ड डिबल यांनी दाखवून दिले, की त्यांतले अनेक ‘प्रकार’ म्हणजे एकाच तासणीच्या आयुष्यातले वेगवेगळे टप्पे असू शकतात: आधी एका कडेने वापरलेली, मग दोन्ही कडांनी, शेवटी धार काढून काढून आखूड झालेली. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी अवजारे, असे जिथे आपल्याला वाटत होते, तिथे प्रत्यक्षात कमीअधिक झिजलेले एकच अवजार असण्याची शक्यता उभी राहिली. दुसरे कारण म्हणजे एकच आकार अनेक कामांना उपयोगी पडतो. हातकुऱ्हाडच घ्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बॉक्सग्रोव्ह येथे सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी एक घोडा कापला गेला. त्याच्या हाडांवर दगडी धारेच्या काप-खुणा आहेत आणि त्याच जागी हातकुऱ्हाडी घडवताना उडालेल्या कपच्यांचे ढीग सापडले. टांझानियात पेनिंज येथील त्याहून कितीतरी जुन्या हातकुऱ्हाडींच्या धारेवर मात्र बाभळीच्या कुळातल्या झाडांचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले, आणि संशोधकांनी त्याचा अर्थ लाकूडकाम असा लावला. आकार काहीच सांगत नाही, असे मी म्हणणार नाही. सुईसारख्या टोकाने झाड तोडता येत नाही आणि दोन किलोच्या दगडाने मण्याला भोक पाडता येत नाही. आकार काही शक्यता बाद करतो, आणि तेवढीच त्याची कामगिरी आहे. उरलेल्या शक्यतांतून निवड करायला दुसरे साधन लागते.

ते साधन सोव्हिएत संशोधक सर्गेई सेमिओनोव्ह यांनी लेनिनग्राडमध्ये विकसित केले. त्यांचे मूळ रशियन पुस्तक १९५७ चे. १९६४ साली, म्हणजे सांकळियांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि बाहेरच्या जगाला ही पद्धत कळली. तिच्यामागचा विचार असा, की दगड कितीही कठीण असला तरी ज्या वस्तूवर तो घासला जातो तिची छाप त्याच्या धारेवर पडते. कठीण वस्तूवर काम केले तर धारेचे टवके उडतात. कोणत्या बाजूने उडाले आणि त्यांची टोके कशी तुटली यावरून दाब कुठून पडला ते कळते. घासण्याच्या दिशेने बारीक रेघा उमटतात: धारेला समांतर रेघा असतील तर अवजार सुरीसारखे पुढे-मागे चालले होते, काटकोनात असतील तर ते खरवडण्यासाठी वापरले होते. तिसरी खूण म्हणजे झिलई. शंभर ते चारशे पट मोठे करून पाहिले, की प्रत्येक सामग्रीची चकाकी निराळी दिसते. लाकडावर चाललेल्या धारेवर उजळ, गुळगुळीत, किंचित घुमटाकार उंचवटे तयार होतात. कोरड्या कातड्यावर चाललेली धार गोलसर होते आणि तिच्यावर खरबरीत, निस्तेज पृष्ठभाग उमटतो. हाडाची चकाकी तेजस्वी पण खाचखळग्यांची. गवतवर्गीय वनस्पतींमध्ये सिलिका भरपूर असते, त्यामुळे त्या कापणारी धार नुसत्या डोळ्यांनाही जाणवेल इतकी झगझगते. सर्वांत क्षीण खूण मांसाची: मंद, तेलकट, आणि थोडाच वेळ काम केले असेल तर जवळजवळ न दिसणारी.

या खुणा ओळखायच्या तर तुलनेला काहीतरी हाताशी हवे. म्हणून संशोधक आधी त्याच जातीच्या दगडाचे ताजे छिलके काढतो. एक छिलका ओल्या कातड्यावर, एक सुक्या, एक ओल्या फांदीवर, एक हाडावर. प्रत्येकाने किती मिनिटे काम केले, किती वेळा फिरवला, कोन काय होता, मध्ये माती लागली का, हे सारे लिहून ठेवतो. मग तो छिलका धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, छायाचित्रे घेतो, आणि असे शेकडो नमुने जमले की जुन्या अवजाराची धार त्यांच्याशी ताडून पाहतो. काम किचकट आणि वेळखाऊ आहे. आजचा संशोधक म्हणजे काही अश्मयुगातला माणूस नव्हे, त्याच्या हाताला ती सफाई नाही, मग त्याच्या प्रयोगावर कितपत भिस्त ठेवायची, असा आक्षेप यावर घेतला जातो. सफाईबाबत तो खरा आहे, आणि एखाद्या कामाला किती वेळ लागत असेल हे अशा प्रयोगांवरून सांगताना जपून राहायला हवे. पण चकमकीचा दगड आणि कोरडे कातडे एकमेकांवर घासले की काय होते, ते घासणारा किती निष्णात आहे यापेक्षा दगडावर, कातड्यावर आणि घासण्यावर अवलंबून आहे. यातला कोणताच घटक लाख वर्षांत बदललेला नाही.

खरा जड आक्षेप दुसरा आहे: झिलई ओळखणारा माणूस चुकतो. हे या विषयातल्या संशोधकांनी स्वतःच तपासले, आणि मला तर या साऱ्या कहाणीतला तोच सर्वांत आदर वाटावा असा भाग वाटतो. १९७७ साली मार्क न्यूकमर यांनी काही अवजारे घडवली, वेगवेगळ्या कामांना वापरली, आणि काय केले ते न सांगता कीलींच्या हाती दिली. वापरल्या गेलेल्या १६ भागांपैकी १४ ठिकाणी कीलींनी वापराची जागा अचूक दाखवली. हालचाल कोणती होती ते १२ ठिकाणी बरोबर सांगितले. सामग्री कोणती, हे मात्र १० ठिकाणीच जमले. म्हणजे ‘हे वापरले होते आणि असे वापरले होते’ या विधानावर बराच भरवसा ठेवता येतो. ‘हे हरणाच्या कातड्यावर वापरले होते’ यावर त्याहून कमी. १९८६ साली न्यूकमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. नुसत्या झिलईवरून सामग्री ओळखण्यात परीक्षकांना त्यांत फारसे यश आले नव्हते, आणि या पद्धतीवर काही वर्षे मोठा वाद माजला. त्या वादाचा फायदाच झाला. डोळ्यांच्या अंदाजाऐवजी पृष्ठभागाचा खडबडीतपणा लेझर सूक्ष्मदर्शकाने मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले, टवके, रेघा आणि झिलई एकत्र पाहण्याची शिस्त आली, आणि शंका असेल तिथे ‘मध्यम कठीण सामग्री’ एवढेच लिहून थांबण्याची सवय लागली. स्वतःच्या चुकांचे प्रमाण आकड्यांत छापणारी पद्धत अविश्वसनीय आहे, असे कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. आकारावरून उपयोग सांगण्याच्या जुन्या रिवाजाची अशी परीक्षा कुणी घेतली होती? ती घेण्याची सोयच त्यात नव्हती.

एकट्या झिलईवर सगळा भार टाकण्याचीही गरज नाही. धारेच्या खाचांत अडकलेले पिष्टकण, वनस्पतींचे सिलिका-कण, रक्ताचे किंवा चरबीचे अवशेष, दांडा बसवताना लावलेला डिंक किंवा डांबर, हे सगळे तपासता येते. त्यातही सापळे आहेत. टॉम लॉय यांनी १९८३ साली हजारो वर्षांपूर्वीच्या अवजारांवर रक्ताचे अवशेष ओळखल्याचे जाहीर केले तेव्हा खळबळ उडाली, पण प्राण्याची जात सांगण्याच्या त्या दाव्यांवर पुढे गंभीर प्रश्न उभे राहिले. प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांची पूड आणि हवेतली धूळ यांतूनही पिष्टकण नमुन्यावर येऊन बसतात, हे आता सर्वमान्य आहे. हाडांवरच्या खुणांचेही तसेच. इथिओपियातील डिकिका येथील सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी धारेचे काप आहेत असे २०१० साली मांडले गेले. लगेच दुसऱ्या संशोधकांनी सांगितले, की जनावरांच्या पायांखाली हाड खडीवर घासले गेले तरी अशाच रेघा पडतात, आणि मगरीच्या दातांचाही संशय पुढे आला. म्हणून जिथे धारेवरची झीज, तिच्यावरचा अवशेष आणि आजूबाजूच्या थरातला पुरावा हे तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात, तिथेच ठाम बोलावे. बाकी ठिकाणी ‘असावे’ म्हणण्यात कमीपणा नाही.

पिके कापणाऱ्या पात्यांचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. विळ्यात बसवलेल्या दगडी पात्यांवरची चकाकी अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. १९३० च्या दशकात एलियट कर्वेन यांनी प्रयोग करून ती कशाने येते याचा शोध घेतला. चकाकी दिसली की शेती सुरू झाली, असे समीकरण फार काळ मांडले जात होते. पण छपरासाठी कापलेले गवत, टोपल्यांसाठीचे लव्हाळे, रानात आपोआप उगवलेले धान्य, यांपैकी काहीही धारेला झळाळी देते. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत कॅल्सेडनीची पाती विपुल मिळाली, तिथले लोक जव पिकवत होते हे जळलेल्या दाण्यांवरून कळले, आणि त्यांच्या घरांवर गवती छप्परे होती. तांबे दुर्मीळ असल्याने रोजची कापाकापी दगडी पात्यांवरच चालत असणार. मग त्यातल्या एखाद्या चकाकणाऱ्या पात्याने जव कापला, की छपराचे गवत? शेती होती हे दाण्यांनी आधीच सांगितले आहे. पात्याला विचारायचा प्रश्न त्याहून बारीक आहे, आणि त्याचे उत्तर चकाकीच्या सूक्ष्म पोतात, रेघांच्या दाटीत शोधावे लागते. जमिनीलगत कापताना माती लागते आणि रेघा वाढतात, उंचावरून कणसे खुडताना त्या कमी असतात. इतक्या तपशिलात शिरले तर कापणीची पद्धतही कळू शकते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. छिलक्याने मांस कापले काय नि फांदी तासली काय, आपल्याला काय फरक पडतो? माझ्या मते फरक फार मोठा पडतो, कारण अश्मयुग हे नाव आपण त्या काळाला दिले ते टिकलेल्या वस्तूवरून. त्या माणसांच्या हाती दगडापेक्षा लाकूड, कातडे, वेली, साली, बांबू, दोर यांचेच सामान जास्त असणार, आणि ते जवळजवळ सगळे कुजून गेले. जर्मनीत शोनिंगेन येथे १९९० च्या दशकात कोळशाच्या खाणीत दोन ते तीन लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले निघाले, ते ओल्या, हवाबंद गाळात राहिले म्हणून. असा योग क्वचितच येतो. एरवी लाकडाचा, कातड्याचा, दोराचा एकमेव साक्षीदार म्हणजे ते घडवणाऱ्या दगडाची झिजलेली धार. कूबी फोराच्या त्या तीन धारांनी लाकूड तासले आणि करवतले, म्हणजे पंधरा लाख वर्षांपूर्वी कोणी तरी लाकडाची काही वस्तू करत होते. त्या वस्तूचा दुसरा कोणताही मागमूस जगात नाही. आकारावर विसंबलो, तर हा सारा संसार आपण शिकार आणि हत्यारांच्या खाती जमा करतो, आणि शिकार म्हटली की चित्रात पुरुषच येतो. दक्षिण इथिओपियातील कोन्सो समाजात अगदी अलीकडच्या दशकांपर्यंत कातडी कमावणाऱ्या स्त्रिया स्वतः दगड फोडून तासण्या घडवत होत्या, लाकडी दांड्यात बसवत होत्या आणि वापरून बोथट झाल्या की धार काढत होत्या. हे काम तिथे कौशल्याचे मानले जाते. कोन्सोवरून अश्मयुगातल्या सगळ्या स्त्रियांविषयी विधान करता येणार नाही. पण ‘दगड फोडणारा तो पुरुषच’ हे गृहीतक मोडायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

आता आपल्या दख्खनकडे येऊ. इथे एक आक्षेप वजनदार आहे. झिजेच्या खुणा वाचायची पद्धत वाढली ती चकमकीच्या बारीक पोताच्या दगडावर. आपल्याकडच्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या फरश्या बव्हंशी बेसाल्ट आणि डोलेराइटच्या. हा दगड पाऊस-उन्हाने पृष्ठभागापासून कुजतो, त्यावर पुटे चढतात, आणि नदीच्या गोट्यांत लोळून आलेल्या अवजाराची धार तर आधीच गुळगुळीत झालेली असते. अशा अवजाराकडून उपयोगाची साक्ष मिळण्याची आशा थोडीच. हे मान्य करायलाच हवे. कीली आणि टॉथ यांनीही कूबी फोरात सूक्ष्म कणांचे, सिलिकायुक्त दगडच तपासायला निवडले होते. पण दख्खनचा सगळा अश्मयुगीन वारसा बेसाल्टचा नाही. याच काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून अकीक, जॅस्पर, कॅल्सेडनी मिळते, आणि सांकळियांनी नेवासे येथे प्रवरेच्या काठी जी मध्य पुराश्मयुगीन छिलक्यांची परंपरा ओळखली, तिच्या तासण्या, टोके, छिद्रके याच बारीक पोताच्या दगडांची आहेत. नंतरच्या काळातली सूक्ष्मास्त्रेही तशीच. या दगडांवर झिलई चांगली धरते. बेसाल्ट आणि क्वार्टझाइटवरही जगात इतरत्र प्रयोग झाले आहेत, आणि थरात लवकर गाडल्या गेलेल्या अवजारांवर काही ना काही हाती लागते.

गरज आहे ती उत्खननाच्या जागेवरच सवयी बदलण्याची. मातीतून निघालेला छिलका ब्रशने खसाखसा घासला की अवशेष गेले. दहा-वीस छिलके एकाच पिशवीत टाकून जीपमधून आणले की एकमेकांवर आपटून नव्या कपच्या उडतात, आणि लोखंडी थापीचा धक्का लागला की धारेवर धातूची चकचकीत रेघ उमटते. प्रत्येक थरातले निवडक नमुने हाताने न चोळता, न धुता, आजूबाजूच्या चिमूटभर मातीसह स्वतंत्र पिशवीत ठेवायला फारसा खर्च येत नाही. भारतातही झिजेच्या खुणांचे अभ्यास झालेले आहेत, ते वाढायला हवेत, आणि त्यासाठी स्थानिक दगडांचा तुलनासंग्रह हवा. प्रवरेच्या पात्रातला अकीक आणि जॅस्पर घेऊन छिलके काढावेत. त्यांनी बांबू, बाभूळ, ओले आणि सुके कातडे, हाड, जवाची काडे, कुसळी गवत कापावे. नोंदी आणि छायाचित्रे सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. मग ज्याने प्रयोग केले नाहीत अशा अभ्यासकाला ते नमुने ओळखायला द्यावेत, आणि त्याची किती उत्तरे चुकली ते आधी छापावे. त्यानंतर नेवाशाच्या जुन्या छिलक्यांना हात घालावा. ते काही दशकांपूर्वीच धुतले गेले असल्याने अवशेषांची आशा कमी, पण टवके, रेघा आणि झिलई पाण्याने जात नाहीत. जो निकाल येईल तो संग्रहालयाच्या पाटीवर दोन ओळींत लिहावा: कोणती धार वापरलेली आहे, कशावर, आणि किती खात्रीने. जिथे तपासणी झालेली नाही, तिथे ‘उपयोग तपासलेला नाही’ असे छापावे.